खारटपणा गेला का, हिराजीदादा?

किस्से गोळा करायला म्हणून कोणी पाण्याच्या धंद्यात येत नाही. मीपण नाही आले. पण तुम्ही कधी तुमचा गीझर उघडून बघितलाय? आतल्या कॉइलवर पांढरा थर असतो. कोणी मुद्दाम बसवत नाही, रोजच्या पाण्याने आपोआप बसतो. आमचे किस्से तसेच साचलेत. रोज नवीन घर, नवीन नळ आणि त्या नळामागे नवीन माणूस!

आमचं दुकान म्हणजे रबाळ्याच्या इंडस्ट्रियल एरियातला एक गाळा. घरगुती वॉटर सॉफ्टनर विकायचे, बसवायचे, सर्व्हिस करायची. माणसं तीन. मालक गायकवाड साहेब, आधी एका कारखान्यात केमिस्ट होते. दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलतात, त्यातली दहा फोनवर. दुसरी मी, मेघा. ऑफिस, फोन, साइट व्हिजिट आणि भांडणं, हे सगळं माझ्याकडे. भांडणं जरा जास्तच.

आणि तिसरे हिराजीदादा. करावे गावचे. वडील मिठागरात राबलेले, चुलते खाडीत जाळं टाकणारे. दादा मात्र प्लंबर झाले आणि मग आमच्याकडे आले. पान्हा त्यांच्या हातात असला की पाइपसुद्धा ऐकतो.

आता हे मशीन काय करतं ते दोन वाक्यांत सांगते, म्हणजे पुढे अडणार नाही. बोअरच्या, टँकरच्या पाण्यात चुना असतो. मशीनमधले बारीक तपकिरी मणी तो धरून ठेवतात. मणी भरले की त्यांना मिठाच्या पाण्याने धुवायचं आणि मग साध्या पाण्याने खळाळून सगळं मीठ बाहेर काढायचं.

मीठ पूर्ण गेलं हे कसं कळणार? पुस्तकात लिहिलंय, इतकी मिनिटं पाणी सोडा. हिराजीदादा पुस्तक बघत नाहीत. नळाखाली बोट धरायचं, जिभेला लावायचं, डोळे मिटायचे. "झाला बाय. खारटपना गेला." की काम संपलं. साहेबांनी सुरुवातीला किती वेळा तपासून बघितलं, दादांची जीभ कधी चुकली नाही. मिठागरवाल्याची जीभ ती!

*

पहिला किस्सा सीवूड्सचा. रिटायर्ड गृहस्थ, नाव पाटणकर समजा. फोनवरच म्हणाले, "तुमच्याकडचं सगळ्यात मोठं मशीन पाहिजे."

"आधी पाणी तपासू," मी म्हटलं.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. साहेब खिशातून शिशी काढतात, पाण्यात चिमूटभर पावडर टाकतात, पाणी गुलाबी होतं. मग एकेक थेंब औषध टाकत जायचं. पाणी निळं झालं की थेंब मोजायचे. जितके थेंब जास्त, तितकं पाणी जड. पाटणकरांचं पाणी दुसऱ्याच थेंबाला निळंशार!

"तुम्हाला मशीनची गरज नाही," साहेब म्हणाले. "धरणाचं पाणी आहे. उत्तम आहे."

झालं! पाटणकरांचा चेहरा पडला. खांदेश्वरला त्यांचे व्याही राहतात, त्यांच्याकडे बोअरचं पाणी, त्यांनी गेल्या महिन्यात मशीन बसवलेलं. "त्यांचे किती थेंब आले होते?"

"चौदा," मी म्हटलं. मीच गेले होते ना.

"त्यांचे चौदा आणि आमचे दोन?" पाटणकर आमच्या साहेबांकडे बघत म्हणाले, "परत एकदा मोजा. नीट मोजा!"

साहेबांनी परत मोजलं. दोनच. पाटणकर काकू स्वयंपाकघरातून समजूत घालायला लागल्या, "असू दे हो, व्याह्यांना कुठे सांगायला जातोय आपण!"

*

दुसरे एक इंजिनिअर, कुलकर्णी. ऐरोलीला. त्यांच्या सोसायटीत टँकर यायचा. ह्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक पेन, लिहायचं नाही, पाण्यात बुडवायचं. पाण्यात एकूण काय काय विरघळलंय त्याचा आकडा दाखवतं. टीडीएस मीटर म्हणतात.

मशीन बसवलं. कुलकर्ण्यांनी पेन बुडवलं. आधी जो आकडा होता तोच नंतर. "मॅडम, हे फ्रॉड आहे. काहीच फरक नाही!"

साहेबांनी समजावलं, की आपण चुना काढतो आणि त्याच्या जागी मिठातला सोडियम येतो, म्हणून एकूण आकडा तसाच राहतो. दिवसाचा वाक्यांचा कोटा तिथेच संपला त्यांचा. कुलकर्णी ऐकायला तयार नाहीत. पेन दाखवून दाखवून बोलतायत. माझं डोकं तापायला लागलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या मिसेस कुकर घेऊनच हॉलमध्ये आल्या.

"अहो, रोज सहा शिट्ट्या काढूनही डाळ टणक राहायची. आज तीन शिट्ट्यांत पीठ झालंय. आता डाळीत बुडवा ते पेन!"

त्या दिवशी आम्ही तिथेच वरणभात जेवून निघालो. दादांनी पहिला घास घेतला आणि सवयीने म्हणाले, "मीठ जरा कमी हाय वहिनी." परक्याच्या घरात! मी टेबलाखालून पाय मारला. पण दादांना ती सवयच. करावेला त्यांच्या घरी तर रोज दोन वेळा हा संवाद व्हायचा. मी कितीदा ऐकलाय. सुलावहिनी ताट वाढायच्या, दादा म्हणायचे मीठ कमी, वहिनी म्हणायच्या तुमच्या बापसाचा मिठागर आनून ओतू का ताटात? मग दोघं जेवायचे.

*

दिवाळीनंतर दादांना ताप आला. चांगला दहा दिवस. उठले, कामाला आले, थोडे वाळले होते, बाकी ठीक.

आल्या आल्या पहिलं काम खारघरच्या साळुंखे काकूंचं. त्यांच्या मुलीला बघायला संध्याकाळी पाहुणे येणार होते. काकूंना टेन्शन एकच, काचेचे ग्लास कितीही घासले तरी पांढरे डाग. "मुलाची आई ग्लास उजेडात धरून बघणारी आहे हो!" म्हणून सकाळीच मशीन पाहिजे.

दादांनी दुपारपर्यंत बसवलं. मणी धुतले, पाणी सोडलं, बोट जिभेला लावलं, डोळे मिटले. "झाला."

संध्याकाळी काकूंचा फोन. "मॅडम! चहा खारट झाला!"

मी गारच पडले. पिण्याच्या पाण्याचा फिल्टर होता त्यांच्याकडे, पण पाहुणे आठ आले, गडबडीत काकूंनी पातेलं सरळ नळाखाली धरलं. सगळ्यांनी तो चहा प्यायला. एकानेही कप खाली ठेवला नाही. मुलाची आई फक्त कपात बघत राहिली म्हणे. मुलगी आतल्या खोलीत रडत होती.

माझी रात्रभर झोप उडाली. आपल्यामुळे एखाद्या पोरीचं जमता जमता मोडलं तर काय तोंड दाखवायचं? दोन दिवसांनी परत काकूंचा फोन. मी उचलायलाच घाबरत होते.

"जमलं हो मॅडम! पण मुलगा म्हणतो, त्या दिवशीसारखा चहा परत करा. सांगा ना, तुमच्या माणसाने पाण्यात काय घातलं होतं?"

*

मी हसत हसत हे दादांना सांगायला गेले. गाळ्याच्या मागच्या बाजूला मिठाच्या गोणींवर बसले होते. ऐकलं, हसले नाहीत.

"बाय, माजी जीभ गेली."

मला कळेना.

"ताप आला तवापासना. काय लागत नाय. तिखट नाय, गोड नाय, खारा नाय. वासपन नाय. साळुंखेबाईकडं मना वाटला, पानी चांगला लागतंय. चांगला कसला, कायच लागत नवता!"

डॉक्टरला दाखवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, बहुतेकांची परत येते, वेळ लागतो, पण नक्की सांगता येत नाही. दादांनी घरी सांगितलं नव्हतं आणि साहेबांना तर मुळीच नाही. "साहेबाला सांगू नको बाय. माजी जीभ हाय म्हनून मी हाय. नायतर प्लंबर काय, नाक्यावर शंभर हायत."

मला भरून आलं. आणि रागही आला. एवढे दिवस एकटा माणूस हे घेऊन फिरतोय! मी नाही सांगणार म्हटलं. पण त्याच आठवड्यात सुलावहिनींचा फोन आला.

"बाय, आमचे हे कामावर कुनाशी भांडलेत का?"

"नाही वहिनी. का?"

"पंधरा दिस झाले, जेवनाला नाव ठेवत नाय. ताटात काय वारला ते मुकाट खातात. काल मी मुद्दाम इचारला, मीठ बरोबर हाय का? म्हनतात, बरोबर हाय! बत्तीस वर्सांत असा कवा बोलले नाय गो. माज्यावर रुसलेत का काय, मना रातला झोप नाय."

आता काय सांगायचं ह्या बाईला? मी म्हटलं, वहिनी, कामाचा ताण आहे. खोटं बोलताना मला लाज वाटली.

*

मग आम्ही जुगाड केला. प्रत्येक साइटला मी बरोबर जायचं. दादांनी बोट जिभेला लावायचं, डोळे मिटायचे, सगळं नेहमीसारखं. त्याआधी मी हात धुवायच्या निमित्ताने पाणी चाखायचं. खारट असेल तर खोकायचं. गप्प राहिले की झालं.

चार घरं मस्त पार पडली. पाचवं घर खांदेश्वरला. पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट, बाल्कनीत मशीन. मी पाणी चाखलं, अजून खारट. खोकले. दादांनी पाणी चालू ठेवलं.

आता त्या बाई नेमक्या आत मिरच्या तळत होत्या. सांडगी मिरच्या! ठसका असा बसला की डोळ्यांतून पाणी. मी खोकतेय, दादा पाणी सोडतायत. मी हाताने नको नको करतेय, दादांना वाटतंय लई खारट हाय. पंचेचाळीस मिनिटं! शेवटी खालून वॉचमन धावत आला, "टाकी खाली हो गयी, किसका नल चालू है?" पूर्ण विंगचं पाणी आम्ही गटारात घालवलं होतं.

गाडीत बसल्यावर मी ओरडले, "दादा, तो खोकला खरा होता!"

"मग खऱ्याला वेगला आवाज ठेव की बाय!" दादा तापले.

आणि मग एकदम हसायलाच लागले, ताप आल्यापासून पहिल्यांदा. मीपण हसले. पण हे असं किती दिवस चालणार, हे दोघांनाही कळत होतं.

*

मिठाचा एक किस्सा मध्येच सांगते, कारण तो झाला मध्येच.

मशीनला साधं जाडं मीठ लागतं. लोक काय काय घालतात विचारू नका. एकाने सैंधव घातलं, "तब्येतीला चांगलं" म्हणून. तब्येत मशीनची! एका आजींनी मशीनमधलंच मूठभर मीठ काढून नातवाची दृष्ट काढली आणि परत आत टाकलं, मोहरी-मिरच्यांसकट. मग मशीन उघडून मोहऱ्या वेचत बसायचं काम कोणाचं? आमचं.

कामोठ्याला दोन शेजारणी, दोघींकडे आमचंच मशीन. एकीचं मीठ संपलं, आमची गाडी दुसऱ्या दिवशी येणार. मी फोनवर म्हटलं, शेजारच्या ताईंकडून आज अर्धी पिशवी घ्या, उद्या परत करा. दहा मिनिटांत फोन, "नाही म्हणाल्या. दिवेलागणीला मीठ देत नाहीत म्हणे." मी दुसरीला फोन लावला, ताई, अहो, हे जेवणातलं नाही, मशीनचं मीठ आहे! त्या म्हणाल्या, "लक्ष्मीला काय माहीत कुठलं ते?" पण सकाळी सहाला स्वतः पिशवी उचलून शेजारी पोचवून आल्या आणि वर चहा पिऊन आल्या.

ते मीठ आम्हाला एक व्यापारी पुरवायचा. एकदा त्याने ओलसर, मातकट माल आणला. मी बिलावर सही करणार, इतक्यात दादांनी गोणीत हात घातला. मूठ भरली, दोन्ही तळव्यांत चोळली, कानाजवळ नेली. "परत ने. तलाचा खरवडलेला हाय. ह्यात चिखल हाय." व्यापारी म्हणाला चाखून तरी बघा. दादांनी मूठभर मीठ परत गोणीत टाकलं. मग म्हणाले, "ह्याला जीभ कशाला पायजे? माजा बापूस आंधला झाला तरी हातानं सांगायचा."

साहेब दारात उभे राहून हे बघत होते.

*

दुसऱ्या दिवशी दादांच्या पिशवीत पान्ह्याशेजारी एक पेन सापडलं. कुलकर्ण्यांकडे होतं तसलं.

दादा ते घेऊन साहेबांसमोर गेले. मीपण मागे.

"हे कोनाचा?"

"तुझं," साहेब म्हणाले. "चुना मोजायला हे बिनकामाचं आहे. पण मीठ मोजायला चांगलं. मशीनच्या आधीचं पाणी आणि नंतरचं पाणी, दोन्हीत बुडव. आकडा सारखा आला की मीठ गेलं."

दादांचा चेहरा उतरला. "तुमाला ठावं होता?"

"साळुंख्यांनी पहिला फोन मला केला होता."

"दोन महिने!" मी मध्ये बोलले. "दोन महिने मी खोकतेय साहेब! मग बोलला का नाहीत?"

"त्याने मला सांगितलं नव्हतं ना," साहेब म्हणाले. मग दादांकडे वळले. "हिराजी, पाणी चाखायला मी तुला ठेवलं नव्हतं. पाणी चाखतोस हे मला तू आल्यावर कळलं."

दादा पेन वापरायला लागले. काम चुकेना. नोकरीची काळजी मिटली. मला वाटलं, चला, सुटलं एकदाचं. पण एका दुपारी डबा खाताना दादा एकदम म्हणाले, "बाय, पेन पानी सांगतो. पन माजं जेवन कोन सांगनार? सुलीच्या हातचा कालवन मना मातीसारखा लागतंय. मी आता भूक लागते म्हनून खातंय, नायतर जेवू नये असा वाटतंय."

त्या रात्री दादांनी वहिनींना सगळं सांगितलं. मला कसं कळलं? सकाळी वहिनींचा फोन आला. मला आधी चांगलं झापलं, की तुला ठावं होता नि मना सांगितला नाय! मग रडल्या. मग म्हणाल्या, "रुसले नवते गो बाय. मना वाटला, मी नको झाले."

आणि फोन ठेवताना म्हणाल्या, "मी आता रोज एक कालवन बिनमिठाचा करनार. न सांगता ताटात वारनार. एक दिस बोलतीलच."

*

हे झालं त्याला पाच महिने होऊन गेले. एका रविवारी वहिनींनी आम्हाला करावेला जेवायला बोलावलं. साहेबांनाही. कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, भात. घरभर असा वास सुटला होता की साहेबसुद्धा दारातच म्हणाले, "वा!"

आम्ही तिघं पाटावर बसलो. वहिनींनी वाढलं आणि पदर खोचून चुलीपाशी उभ्या राहिल्या.

मी पहिला घास घेतला. मीठ नाही. कणभर नाही! साहेबांकडे बघितलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. साहेब सावकाश घास चावत म्हणाले, "छान झालंय वहिनी."

दादांनी भाकरी मोडली, कालवणात बुडवली, तोंडात टाकली. चावता चावता थांबले. दुसरा तुकडा घेतला. परत थांबले. डोळे मिटले.

"चिंच लागतेय," दादा म्हणाले.

वहिनी हलल्या नाहीत.

"सुले, चिंच टाकलीस. मिरची टाकलीस." दादांनी डोळे उघडले आणि ताटावर हात आपटला. "मीठ कुठं हाय? डोका ठिकानावर हाय का तुजा? मानसं जेवायला बोलवलीत नि मीठ नाय?"

वहिनींच्या हातातली पळी खाली पडली. त्या तशाच अनवाणी बाहेर ओट्यावर धावल्या आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "आक्का! ये आक्का! हे वरडले गो! माज्यावर वरडले! मीठ नाय म्हनले!"

बाहेर बायका जमायला लागल्या. वहिनी रडत होत्या, हसत होत्या, एकेकीला पहिल्यापासून सांगत होत्या. आत आम्ही तिघं बिनमिठाची ताटं घेऊन बसलो होतो. दादा दुसऱ्या बाजूला तोंड करून डोळे पुसत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वहिनी काही आत येईनात.

शेवटी साहेब हळूच म्हणाले, "हिराजी, तुझ्या घरात मिठाचा डबा कुठे असतो रे?"

दादांनी चुलीकडे बघितलं, फळीकडे बघितलं, वरच्या डब्यांच्या रांगेकडे बघितलं.

"मना काय ठावं साहेब?" दादा म्हणाले. "बत्तीस वर्सं नुसता वरडलोय. उठलोय कवा?"